हायस्कूलच्या मुलांना ग्राफिक डिझाइन आणि इलस्ट्रेशन शिकवायचंय? सुरुवात दुकानाच्या पाटीपासून करा

तुम्ही चित्रकलेचे शिक्षक आहात आणि मुख्याध्यापकांनी सांगितलंय, "यंदा मुलांना जरा ग्राफिक डिझाइनचंही शिकवा." किंवा तुम्ही स्वतः डिझाइनची कामं करता आणि आठवड्यातले दोन तास जवळच्या शाळेला द्यायचं ठरवलंय. दोन्ही बाबतीत पहिला प्रश्न सारखाच पडतो, सुरुवात कुठून करायची? मी कोल्हापुरात आठवी ते दहावीच्या मुलांसोबत हे काम करते. ज्या क्रमानं शिकवून मुलांचा हात आणि डोळा दोन्ही चालायला लागतात असं मला दिसलं, तो क्रम इथं मांडते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. शाळेत मुलांनी आजवर काढलेलं जवळजवळ प्रत्येक चित्र परीक्षकासाठी काढलेलं असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना वस्तुचित्र येतं, संकल्पचित्र येतं, पट्टी लावून अक्षरलेखनही येतं. पण हे कोण बघणार, किती लांबून बघणार, बघून काय करणार, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. डिझाइनमध्ये पहिल्यांदाच त्यांच्यासमोर गिऱ्हाईक येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका बदलासाठी आहेत. सॉफ्टवेअर मुलं तुमच्यापेक्षा लवकर शिकतील, त्याची काळजी सोडा.

वर्ग सुरू होण्याआधी

शाळेकडून तीन गोष्टी ठरवून घ्या: सलग दोन तासिका, वीस-पंचवीसच्या वर मुलं नाहीत, आणि कामं लावायला एक मोकळी भिंत. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत सामान काढून होईपर्यंत घंटा होते. पन्नास मुलांचा वर्ग असेल तर दोन गट करून आठवड्याआड घ्या. प्रत्येक गटाला पंधरवड्यातून एकदाच मिळालं तरी चालेल, पण प्रत्येकाच्या कागदाकडे तुमची नजर गेली पाहिजे.

सामान साधंच लागतं. ए-४ कागदांचा गठ्ठा, पेन्सिली, काळे मार्कर, कात्री, गोंद, जुनी मासिकं, ट्रेसिंग पेपर, आणि मोजपट्टीऐवजी शिंपी वापरतात ती टेप. टेप कशाला, ते लगेच कळेल. पहिले पाच-सहा आठवडे कॉम्प्युटर लॅबची किल्ली मागूच नका.

पहिली पायरी : वर्ग गल्लीत न्या

पहिल्या दिवशी फळ्यावर "डिझाइन म्हणजे काय" असं लिहू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा. महाद्वार रोड असो, पापाची तिकटी असो की शाळेसमोरची गल्ली, शंभर पावलांत वीस पाट्या मिळतात. रंगानं हातानं लिहिलेली एखादी जुनी पाटी, प्लॅस्टिकची उठावाची अक्षरं, वाढदिवसाचा फ्लेक्स, औषधाच्या दुकानाचा पेटता बोर्ड, भिंतीवरची क्लासची जाहिरात. प्रत्येकानं पाच पाट्या निवडायच्या आणि प्रत्येकीबद्दल तीनच गोष्टी वहीत लिहायच्या: आधी काय दिसलं, नंतर काय दिसलं, आणि काय दिसलंच नाही.

एका वर्षी एका मिसळीच्या दुकानासमोर नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा बोर्ड कशाला वाचायचा? वास आला की कळतंय की." सगळे हसले. पण त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि तो पूर्ण तास मी त्यावरच घेतला. गल्लीतल्या माणसाला पाटीची गरज नसते. पाटी लागते ती अंबाबाईच्या दर्शनाला पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला. मग त्या पाहुण्याला काय कळायला हवं? दुकानाचं नाव, की इथं मिसळ मिळते हे, की दुकान सुरू आहे की बंद? तासभरात मुलांनी एकाच पाटीची चार वेगळी रूपं कागदावर काढली आणि "वाचणारा कोण" हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

परत येताना टेप काढा. पाटी रंगवणारे एक अंदाज वापरतात: दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची साधारण एक इंच. चाळीस फुटांवरून सहज वाचता यायची पाटी असेल तर अक्षर चार इंचांचं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, मात्रा-वेलांट्या धरून नाही. शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी आपली अक्षरं चिकटवून मागं मागं जात हे स्वतः तपासावं. पुस्तकातल्या नियमापेक्षा आपल्या पावलांनी मोजलेला नियम त्यांच्या लक्षात राहतो.

दुसरी पायरी : अक्षर

इथं घाई करू नका. चार आठवडे द्या, पाच दिले तरी हरकत नाही. डिझाइन शिकवणारी बरीचशी सामग्री रोमन लिपी धरून केलेली असते आणि ती जशीच्या तशी मराठीला लावली की काम फसतं.

फळ्यावर "कोल्हापूर" लिहा. शिरोरेषेच्या वर काय आहे? ओकाराची मात्रा. खाली काय? दीर्घ ऊकार. मध्ये ल्ह हे जोडाक्षर. म्हणजे एका शब्दाला मधला मजला आहे, वर माडी आहे आणि खाली तळघर आहे. आता त्याच्या खाली दुसरी ओळ लिहायला सांगा, "चित्रनगरी" म्हणा. ओळी जवळ आणल्या की वरचा ऊकार खालच्या वेलांटीत घुसतो. मराठी मजकुराला दोन ओळींत जास्त जागा का लागते, हे मुलांना आपोआप दिसतं. तसंच इंग्रजी शीर्षकासारखी अक्षरं लांब लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शिरोरेषा मुद्दाम काढून टाकण्याची शैली आहे, ती करायची तर ठरवून करा. चुकून तुटलेली आणि ठरवून काढलेली यातला फरक मुलांना दाखवा.

हात वळवण्यासाठी दोन पेन्सिली रबरबँडनं शेजारी शेजारी बांधा. दोन टोकांनी एकदम लिहिलं की अक्षराचा जाड-बारीकपणा पोकळ रेषांत समोर येतो. त्यानंतर आइस्क्रीमची काडी तिरकी कापून ती शाईत बुडवून लिहायला द्या, मग बोरू. एक काळजी घ्या: इंग्रजी सुलेखनासाठी मिळणारी तिरकी निब आणि देवनागरीची निब यांचा काप उलट दिशेचा असतो. दुकानात मागताना हे सांगितलं नाही तर जिथं जाड हवं तिथं बारीक येतं आणि मूल स्वतःच्या हाताला दोष देत बसतं.

यानंतर एक शब्द आणि त्याचा स्वभाव. गूळ, कुस्ती, रंकाळा, पूर, आजी. अक्षरांना वस्तूंचे आकार चिकटवायचे नाहीत, म्हणजे "गूळ"मध्ये ढेप काढायची नाही, ही अट घाला. नुसती जाडी, वळण, झुकाव आणि जागा यांनी शब्द जड वाटला पाहिजे किंवा वाहता वाटला पाहिजे. आठवीच्या मुलांना हे जड जातं. पहिले चार कागद वाया जातात, पाचव्यावर काहीतरी घडतं. मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटण्यात आयुष्य घालवलेल्या कमल शेडगे यांची कामं इथं दाखवण्याजोगी आहेत. नाटकाचं नाव वाचण्याआधीच त्याचा रंग कळतो, हे मुलांना तिथं दिसतं.

त्याच आठवड्यात गावातल्या एखाद्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरकाकांना वर्गात बोलवा. फ्लेक्स आल्यापासून या मंडळींची कामं फार कमी झाली आहेत, तेव्हा त्यांना मानधन द्या, नुसतं शाल-नारळावर पाठवू नका. कच्ची रेघ न मारता शिरोरेषा ओढणारा हात मुलांनी एकदा समोर पाहिला पाहिजे. आणि कोल्हापुरात "पेंटर" या शब्दाला काय मान आहे तेही सांगा. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. रंगकामावरून पेंटर हे नाव पडलं आणि तेच राहिलं. १९१८ साली त्यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ मुलं येता-जाता बघतात. तो कुणाच्या स्मरणार्थ आहे हे वर्गात विचारा, निम्म्यांना तरी माहीत नसतं.

तिसरी पायरी : मांडणी, रंग

ग्रिड म्हणजे मांडणीमागची न दिसणारी चौकट. ती शिकवायला वेगळं काही आणायला लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. ठिपके दिसत नाहीत पण रांगोळी त्यांच्यावरच उभी असते, पोस्टरचंही तसंच. ए-४ कागद तीनदा दुमडा, आठ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात त्याच पोस्टरची वेगळी मांडणी, दोन-दोन मिनिटांत, अक्षरांच्या जागी नुसते काळे पट्टे. पहिल्या तीन मांडण्या सगळ्यांच्या सारख्या येतात, वर शीर्षक, मध्ये चित्र, खाली पत्ता. चौथीपासून डोकं चालायला लागतं. म्हणून आठही भरल्याशिवाय कुणाला मोठा कागद देऊ नका.

रंगचक्र एका तासात उरका. त्यापेक्षा पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सीबद्दल विचारा. गॅलरीतून कुठला संघ पटकन ओळखू येतो, कुठल्या जर्सीवरचा आकडा वाचता येत नाही, का? उजेड-अंधाराचा फरक मुलांना इथं चटकन कळतो. मग त्यांच्या रंगीत कामाचा मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून दाखवा. अक्षर पार्श्वभूमीत बुडालं असेल तर रंग कितीही गोड असला तरी बदलायचा.

चौथी पायरी : इलस्ट्रेशन, चपलेपासून

चित्र आणि इलस्ट्रेशन यातला फरक सांगत बसण्यापेक्षा एक कोल्हापुरी चप्पल टेबलावर ठेवा. पहिल्या तासाला नुसतं निरीक्षण: कान कुठं जोडलाय, वेणी कशी फिरलीय, अंगठा कुठं बसतो, टाके किती. शक्य असेल तर दोन प्रकार आणा, एक कापशी आणि एक कुरुंदवाडी, म्हणजे "चप्पल" असं काही नसतं, ही चप्पल आणि ती चप्पल असते, हे दिसेल.

दुसऱ्या तासाला तीन कामं द्या. एक, ज्यानं कोल्हापुरी कधी पाहिलीच नाही अशा माणसाला तिचे भाग समजावणारं चित्र. दोन, लहान मुलांच्या गोष्टीतली चप्पल, जी कुणाची तरी हरवलीय. तीन, दुकानाच्या पिशवीवर एका रंगात छापायचं चिन्ह. वस्तू एकच, पण पहिल्या कामात प्रत्येक टाका हवा, दुसऱ्यात चेहरा नसूनही भाव हवा, तिसऱ्यात सात-आठ रेषांपेक्षा जास्त काही नको. काय गाळायचं हे ठरवणं म्हणजे निम्मं इलस्ट्रेशन, आणि मुलांना ते सर्वात अवघड वाटतं. सुबक शेडिंग करणारी, परीक्षेत अ श्रेणी मिळवलेली मुलं तिसऱ्या कामात अडतात. "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांना काळा कागद आणि कात्री द्या, त्यांची चिन्हं पुष्कळदा सर्वात चांगली निघतात. त्यांचं काम भिंतीवर मधोमध लावा.

गोष्टीच्या चित्रासाठी मुलांना त्यांच्याच मराठीच्या पुस्तकातला धडा घेऊ द्या. नियम एक: मजकुरात लिहिलंय तेच चित्रात पुन्हा काढायचं नाही. "आई दारात उभी होती" असं वाक्य असेल तर आई काढू नका, तिची वाट बघून गार झालेलं ताट काढा. जुन्या चित्रकारांपैकी कोल्हापुरात वाढलेल्या म. वि. धुरंधरांची पोस्टकार्डं आणि पुस्तकांतली चित्रं दाखवा, आणि दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. जमलं तर एक सकाळ टाऊन हॉल म्युझियममध्ये घालवा. तिथं कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रं समोर उभं राहून बघता येतात. मोबाइलच्या पडद्यावर बघून कुंचल्याचा फटकारा कळत नाही.

एक सवय लावून घ्या, माझ्यासाठी ती सर्वात कठीण होती. मुलाच्या चित्रावर तुमची पेन्सिल टेकवू नका. दुरुस्ती दाखवायची तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दाखवा. नंतर तो कागद मुलाच्या हातात द्या, घ्यायचं की नाही ते त्याला ठरवू दे. तुम्ही दोन रेषा सुधारल्या की ते चित्र त्याचं राहत नाही, आणि पुढच्या वेळी "मॅडम, तुम्हीच काढून द्या की" हे वाक्य ऐकू येतं.

पाचवी पायरी : पंचगंगेची पातळी

माझ्या वर्गातलं सर्वात जमलेलं काम हे. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या पोरांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाणीपातळीचे दोन आकडे पाठ असतात: ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरांत हे आकडे रोजच्या बोलण्यात असतात. पण आजीला, परगावाहून नोकरीला आलेल्या भाडेकरूला, नुकतंच वाचायला शिकलेल्या धाकट्या भावाला "पाणी आता ४१ फुटांवर" म्हटल्यावर नेमकं काय कळतं?

काम असं द्या: हे दोन आकडे आणि कुठल्या पातळीला घरात काय करायचं, हे सांगणारं एक पोस्टर. निरोप तीनच. पावसाळ्याआधी काय तयारी, ३९ ला काय, ४३ ला काय. माहिती मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून आणायची आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकृत सूचनांशी ताडून बघायची. मनानं एकही सूचना लिहायची नाही. पुराच्या पोस्टरवरची चूक म्हणजे शुद्धलेखनाची चूक नव्हे, हे त्यांना तुमच्या आवाजातून कळू द्या.

मुलं वेगवेगळ्या वाटांनी जातात. कुणी पोस्टरची पूर्ण उंची मोजपट्टी करतं. कुणी घराचा उभा छेद काढून जिना, गॅस सिलिंडर, जनावरांचा गोठा दाखवतं. एका मुलीनं आजीच्या खांद्याइतकी रेघ काढली होती, कारण त्यांच्या घराच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण तिथवर आहे. त्या चित्राला मी काहीच सुचवलं नाही.

याच कामात आकड्याचा आकार, बाणाची दिशा, लाल रंग कुठं राखून ठेवायचा, चिन्ह आणि शब्द यातलं आधी काय, हे सगळं येऊन जातं. लाल रंगाबद्दल एकच नियम ठेवा, तो फक्त ४३ ला. सगळीकडे लाल लावलं की धोका दिसेनासा होतो.

सहावी पायरी : आता लॅब उघडा

शाळेच्या जुन्या संगणकांवर इंकस्केप आणि क्रिता ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत बसवता येतात. इंकस्केप आकृत्या, चिन्हं, अक्षरं यांसाठी, क्रिता रंगवण्यासाठी. संगणक फारच जुने असतील तर क्रिता सोडून द्या. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, पण इंटरनेट नीट लागतं. कॅनव्हा शाळांसाठी मोफत मिळतं आणि मुलं ते आवडीनं वापरतात. मी मात्र ते शेवटी उघडते. तयार साचे समोर आले की आठ चौकोनांचा कागद कुणी दुमडत नाही.

एका यंत्रावर तीन मुलं असतील तर कामं वाटून द्या: एकाच्या हातात माऊस, दुसरा कागदावरचा आराखडा बघून सांगणार, तिसरा शुद्धलेखन आणि मापं तपासणार. दर पंधरा मिनिटांनी जागा बदला, घड्याळ लावून. नाहीतर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच माऊस धरून बसतो.

इंकस्केपमध्ये पहिल्या दिवशी फक्त गोल, चौकोन आणि त्यांची बेरीज-वजाबाकी. दोन गोल एकमेकांतून वजा केले की चंद्रकोर, चौकोनावर अर्धा गोल जोडला की कमान. कागदातून कापलेलं चिन्ह पुन्हा असंच बांधायला सांगा. पेन टूल तिसऱ्या दिवशी. मुलं रेषेवर तीस-चाळीस नोड, म्हणजे रेषेला वळवणारे बिंदू, टाकतात आणि वळण खडबडीत होतं. वळणाच्या टोकांना नोड, मध्ये नको, एवढं सांगून तेच वळण सहा नोडांत करून घ्या. हाताचं चित्र आत घ्यायचं असेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी वरून धरून फोटो काढा.

फॉन्टबद्दल थोडं सविस्तर. मुक्ता, बालू, नोटो हे देवनागरी युनिकोड फॉन्ट (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच संकेतपद्धत) मोफत आणि रीतसर परवान्यासह मिळतात. निवडताना एक चाचणी वाक्य टाइप करा, ज्यात ऱ्य, ॲ, श्र, क्ष, ळ आणि ल्ह आहेत. "दुसऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्यानं कोल्हापूरचा क्षण श्रमानं पाळला" असं काहीही चालेल, अर्थ नसला तरी. ज्या फॉन्टमध्ये ऱ्य तुटतो किंवा ॲ ऐवजी रिकामा चौकोन येतो, तो बाद. ल आणि श ची वळणंही बघा. हिंदी वळणाचा ल मराठी शीर्षकात परका दिसतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखाटला, हेही सांगा. प्रत्येक फॉन्टमागं कुणीतरी एकेक अक्षर काढत बसलेलं असतं हे कळलं की मुलं अक्षर ओढून रुंद करायला कचरतात.

मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली चित्रं आणतीलच. रागावू नका. ते चित्र भिंतीवर लावा आणि पहिल्या दिवशीचे तीन प्रश्न विचारा. शिवाय त्यातली देवनागरी वाचायला सांगा. काना-मात्रांचे घोळ असले तर मुलं स्वतःच शोधतात. वर्गाचं काम म्हणून मात्र मी ते घेत नाही, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवण्याचा सराव तिथं होत नाही आणि तोच सराव द्यायला आपण वर्गात उभे आहोत.

सातवी पायरी : खरं गिऱ्हाईक

सत्र संपायच्या दोन महिने आधी एक खरं काम शोधा. शाळेचं ग्रंथालय, स्नेहसंमेलनाची पत्रिका, बचत गटाच्या चटण्यांची लेबलं, ओळखीच्या चप्पल कारागिराचं छोटं कार्ड. ज्या कामातून गावातल्या एखाद्या पेंटरची किंवा डीटीपीवाल्याची मजुरी जाईल ते घेऊ नका. जिथं एरवी कुणाला पैसे देऊन करून घेता आलंच नसतं, तिथं जा.

गिऱ्हाइकाशी बोलायला मुलांनाच पुढं करा. "काकू, तुमची चटणी कोण घेतं? कुठं ठेवलेली असते? बरणीला हात लावायच्या आधी लोक काय विचारतात?" उत्तरं वहीत लिहून आणायची. मग तीन नमुने, त्यातला एक काकू निवडणार. काकूंनी मुलांचा सर्वात लाडका नमुना बाजूला ठेवला तर मुलं हिरमुसतात. तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका. का नको ते काकूंनाच विचारायला पाठवा. एकदा उत्तर आलं, "अक्षर लई बारीक हाय, माझ्याच बरणीवरचं मला वाचाय येत न्हाई." चष्म्याशिवाय वाचता येणारं लेबल पुढच्या आठवड्यात तयार होतं.

आठवी पायरी : छापखाना

इथं मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका वर्षी प्रदर्शनाची पत्रिका युनिकोडमध्ये तयार करून छापायला दिली. तिथला ऑपरेटर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टवर काम करणारा होता. मजकूर त्याच्या फाइलमध्ये गेल्यावर जोडाक्षरं फुटली आणि प्रूफ न बघता मी होकार दिला. बावीस मुलांपैकी सात जणांची नावं चुकीची छापली गेली. ज्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येतंय, त्याला ते मोडकं दिसलं. त्यानंतर ठरवलेल्या गोष्टी तुम्हीही पाळा.

फाइल देण्याआधी सगळी अक्षरं आकारांत बदला म्हणजे कर्व्ह करा, आणि पीडीएफ द्या. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा सुधारता येत नाही. कागदावर छापायचं असेल तर चित्रं तीनशे डीपीआयची, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके, चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा रंग, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही, आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत. फ्लेक्सला माप फुटांत सांगतात आणि इतक्या डीपीआयची गरज नसते, पण मापाचं गुणोत्तर नेमकं हवं. नाहीतर ऑपरेटर चित्र ओढून बसवतो आणि माणसं जाडी होतात. स्क्रीनवरचा रंग छपाईत तसाच येत नाही हे आधी दाखवा: जोतिबाच्या गुलालाचा झगझगीत गुलाबी पडद्यावर पेटलेला दिसतो आणि चार रंगांच्या छपाईत मंदावतो. प्रूफ कागदावर मागा आणि प्रत्येक मुलाला आपलं नाव स्वतः वाचून सही करायला लावा.

दुसऱ्याचं काम, आपलं काम

इंटरनेटवरून उचललेलं चित्र हा विषय एका तासात बोलून टाका, पण उदाहरण घरचं घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये अगदी तशाच चपला आल्या आणि त्या कुठल्या, हे सांगितलंच नाही, तेव्हा गावभर संताप झाला. तो संताप मुलांना आठवतो. मग विचारा, तू गूगलवरून घेतलेल्या वाघाच्या चित्राखाली कुणाचं नाव आहे? भारतीय कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रांवर हक्क राहतो. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांच्या चित्रांचा अभ्यास करून नवं काही करायला अडचण नाही. कालच कुणी टाकलेल्या चित्राचं तसं नाही. आणि मुलांच्या कामावर हक्क मुलांचाच. ते शाळेच्या किंवा तुमच्या पानावर टाकण्याआधी मुलाला विचारा आणि पालकांची लेखी परवानगी घ्या.

पालक विचारतील ते

"पुढं याचं काय?" हा प्रश्न दहावीच्या पालकांकडून येणारच, आणि तो रास्त आहे. गुळगुळीत उत्तर देऊ नका. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे आणि त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. आयआयटी आणि एनआयडीच्या डिझाइन अभ्यासक्रमांना वेगळ्या परीक्षा आहेत. कोल्हापुरातच दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन आहे, तिथं जाऊन मुलांची कामं बघून या म्हणावं. दरवर्षी नियम आणि तारखा बदलतात, तेव्हा माहितीपत्रक त्या त्या वर्षीचंच बघायला सांगा. आणि बोलताना मुलाची वही उघडून ठेवा. आठ चौकोनांचे कागद, खोडलेल्या मांडण्या, काकूंची उत्तरं. तयार पोस्टरपेक्षा ती वही पाहून पालक शांतपणे बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे. गुणही मी त्या वहीलाच जास्त देते.

पोस्टर लागल्यावर

काम छापून लागलं की पंधरा दिवसांनी मुलांना घेऊन पुन्हा तिथं जा. दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे अर्धा तास उभं राहायचं आणि मोजायचं: किती जण गेले, किती थांबले, किती जणांनी वाचून काही विचारलं. ऊन लागून रंग उतरलाय का, कुणी वर दुसरा कागद चिकटवलाय का, तेही टिपायचं. मागच्या वर्षी पुराचं पोस्टर आम्ही जिन्याच्या वळणावर लावलं होतं. लोक वर चढताना पायाकडे बघत होते, पोस्टरकडे कुणीच बघत नव्हतं. मुलांनी ते उतरवून पाण्याच्या टाकीशेजारी लावलं, जिथं घागर भरेपर्यंत माणूस उभा असतो.